‘पाकोळी’चं उजवं दार

“कूमला फोन केलास का?” स्तोयांकानं विचारलं. दोन्ही हात पिठात बुडालेले, कपाळावर बट आलेली, आणि ती फुंकर मारून मारून ती बट उडवत होती.

“स्लावाला कुणी कुणाला बोलावतं का?” ग्वोज्देन म्हणाला. तो कॉम्प्युटरसमोर बसून दोन बोटांनी काहीतरी बडवत होता. “यायचं त्याला माहीत असतं. नाही यायचं त्याला मी काय करू?”

“फोन करून सॉरी म्हण. स्लावाला बोलावू नको हवं तर.”

“सॉरी? मी? त्यानं म्हणावं.”

आता स्लावापुरतं ग्वोज्देनचं बरोबर होतं. त्यांच्या घराण्याचा संत निकोला. त्याचा दिवस, म्हणजेच घराची स्लावा, डिसेंबरात येतो आणि पाराचिन गावातल्या निम्म्या घरांची दारं त्या दिवशी सताड उघडी असतात. बोलावणं पाठवायचं नाही. ज्याला यायचं तो येतो, आणि आला त्याला परतवायचं नाही, मग तो शत्रू का असेना. यजमानानं दिवसभर उभं राहायचं, पाहुण्याचा प्याला भरायचा, आणि आवाज म्हणून चढवायचा नाही. उपास असतो, म्हणजे मटण बंद. मासे चालतात. नुसते चालत नाहीत, ढिगानं लागतात.

पण कूमशी अबोला ही गोष्ट वेगळी. ग्वोज्देनच्या लग्नात रादिसाव त्याच्या शेजारी कूम म्हणून, म्हणजे लग्नाचा साक्षीदार म्हणून, उभा होता. लेक स्मिल्का जन्मली तेव्हा तिचं नाव ठेवलं ते त्यानंच. आता नाताळ उरकला की स्मिल्काचं लग्न, आणि तिथंही कूम म्हणून उभं राहायचं त्यानंच, तशी रीतच आहे. भाऊ बोलेनासा झाला तर लोक समजून घेतात. कूम बोलेनासा झाला तर लोक तुमच्याकडे बघतात आणि विचारतात, काय रे बाबा, केलंस तरी काय?

आणि ग्वोज्देननं काय केलं होतं? कार्टूनवरून भांडला होता.

हसू नका. ‘पाकोळी’ म्हणजे साधं कार्टून नव्हे. देशाचे अजून तुकडे झाले नव्हते तेव्हाची मालिका. पाकोळी नावाचा एक अंतराळातला मालट्रक, शनीच्या पलीकडे लोणच्याच्या मिरच्या पोचवतो. कप्तान तोझा, ज्याला रस्ता कधी सापडत नाही. रोबो क्लिन, ज्याचा दर भागात एक स्क्रू पडतो. आणि स्वयंपाक करणारी लेपाकाकू, जिला विश्वातल्या कुठल्याही संकटाचं काही वाटत नाही, फक्त घेवडा करपता कामा नये. ग्वोज्देन आणि रादिसाव हे पोरवयात एकाच टीव्हीसमोर, एकाच गोधडीत बसून बघायचे. आता दोघांची डोकी पिकली, एकाचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्याचं बाजारात माशांचं, पण पाकोळीप्रेमी मंडळाची बैठक दोघांनी कधी चुकवली नाही.

घोडं अडलं ते दारापाशी. पाकोळीवरच्या स्वयंपाकघराचं दार. काही भागांत ते चुलीच्या डावीकडे दिसतं, काही भागांत उजवीकडे. चूलसुद्धा कधी पांढरी, कधी हिरवी. अख्ख्या देशातले पाकोळीवाले यावरून वर्षानुवर्षं डोकी फोडत होते.

ग्वोज्देनचं मत ठाम होतं. पाकोळी नावाची यानं दोन आहेत. तिसऱ्या भागात पाकोळी कृष्णविवरातून जाते तेव्हा पलीकडून तिची जुळी बाहेर पडते, आरशातल्यासारखी उलटी. कुणी विचारलं, “मग कप्तानाचा गालावरचा तीळ का नाही बाजू बदलत?” तर उत्तर तयार, “कप्तान तेव्हा संडासात होता. संडास यानाच्या मधोमध असतो. मधोमध काही उलटं होत नाही.”

रादिसावचं मत त्याहून ठाम. “चित्रकार प्यायलेला होता,” वसंतातल्या बैठकीत तो म्हणाला होता. “एकदा दार इकडं काढलं, एकदा तिकडं. चूक झाली बिचाऱ्याची. विषय संपला.”

चूक! पाकोळीत! ग्वोज्देनचं डोकंच फिरलं. “कुमा, तू ना माशाच्या डोळ्यांनी बघतोस,” तो सगळ्यांसमोर म्हणाला. “बर्फावर पडलेल्या माशाच्या.”

रादिसावनं टोपी उचलली. “मग पोरीच्या लग्नाला माणसाच्या डोळ्यांचा कूम शोध,” म्हणाला आणि गेला. तेव्हापासून दोघं समोर आले की एक जण फुटपाथ बदलायचा. स्मिल्कानं आईला सांगून ठेवलं होतं, कूम नाही तर लग्न नाही. दुसरा कुणी उभा केलात तर मी नवऱ्यालाच घरी पाठवीन. आणि ती तोंडाला आलं ते बोलणारी पोर नव्हती, बोलली की करणारी होती.

आता त्या संध्याकाळी ग्वोज्देन कॉम्प्युटरवर काय बडवत होता, तर मंडळाच्या पानावर शाबात्सच्या कुणा व्हेलिबोरनं लिहिलं होतं की दार ही सरळ सरळ चित्रकाराची चूक आहे, आणि वर्षभर गप्प असलेले लोक त्याला टाळ्या देत होते. ग्वोज्देनच्या कानशिलातून वाफ निघाली. त्यानं लिहिलं:

“ज्याला ज्याला ती चूक वाटते, त्यानं माझ्या घरी यावं आणि माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगावं. उद्या माझी स्लावा आहे, दिवसभर घरीच आहे. पाराचिनमध्ये रेडिएटरवाला ग्वोज्देन कुणालाही विचारा.”

पाठवलं, आणि हात झटकले. कशी जिरवली, असं तोंड करून तो झोपायला गेला.

बिचाऱ्यानं ते धमकी म्हणून लिहिलं होतं. पण तुम्ही आमच्याकडच्या माणसाला ‘उद्या माझी स्लावा आहे, मी घरीच आहे’ असं सांगितलंत, की त्यापुढची-मागची बाकीची वाक्यं तो वाचतच नाही.

सकाळी पाद्रीबाबा आले, घाईत. त्यांना निम्मा गाव फिरायचा होता. मेणबत्ती पेटली, धूप फिरला, गोल नक्षीदार पावावर त्यांनी सुरीनं क्रूस काढला, वाइन ओतली. मग तो पाव यजमानानं आणि कूमनं दोन्हीकडून धरून फिरवायचा आणि मोडायचा, अशी या घरची पद्धत. पाद्रीबाबांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

“कूम कुठंय?”

“येतोय,” ग्वोज्देन म्हणाला.

स्तोयांका खिडकीबाहेर बघायला लागली. स्मिल्का नखं बघायला लागली.

“बरं, येतोय तर येऊ दे. तो आल्यावर मोडा. एकट्यानं मोडू नकोस, बरं दिसत नाही,” पाद्रीबाबा म्हणाले आणि झगा सावरत निघाले. पाव टेबलाच्या मधोमध तसाच राहिला. येणारा जाणारा आधी त्या पावाकडं बघायचा आणि मग यजमानाकडं. ग्वोज्देनला सकाळभर त्या पावानं जेवढं टोचलं तेवढं कुणाच्या जिभेनं टोचलं नसतं.

आणि मग दाराची बेल वाजली. ग्वोज्देन धावला. रादिसाव नव्हता. एक लांबोडका माणूस, बायकोसोबत, एका हातात वाइनची बाटली, दुसऱ्या हातात कॉफीचं पाकीट.

“सणाच्या शुभेच्छा, यजमान! मी शाबात्सचा व्हेलिबोर. ‘चित्रकाराची चूक’ म्हणणारा तो मीच.”

ग्वोज्देननं रात्रभर एक भाषण रचून ठेवलं होतं. त्यात ‘गाढव’ हा शब्द बऱ्याचदा होता. पण व्हेलिबोरनं तोवर त्याला मिठी मारून गालांचे तीन मुकेही घेतले होते आणि त्याचे डोळे पाणावले होते.

“काय मन आहे तुमचं, दादा! विरोधकांना स्लावाला बोलावता! मी बायकोला म्हणालो, बघ, असा माणूस राहिला नाही जगात.”

आता काय बोलणार? ग्वोज्देननं शिजवलेल्या गोड गव्हाचं ताट पुढं केलं. “घ्या. चमचा घ्या.” आवाज चढवायचा नाही. आज नाही.

पाठोपाठ उझित्सेची मंडळी आली, भाड्याची मिनीबस करून, सगळ्यांच्या टोप्यांवर रोबो क्लिनसारख्या तारेच्या शेंड्या. मग निशची. मग दोन मोटारसायकलवाले, ज्यांनी आपण कुठले ते सांगितलंच नाही, फक्त “आम्हीसुद्धा चूकवाले” म्हणाले आणि बूट काढून आत शिरले. प्रत्येकाच्या हातात बाटली, प्रत्येकाच्या हातात कॉफी. पलंगावर कोटांचा डोंगर झाला. ग्वोज्देनची सख्खी आत्या त्या डोंगराशेजारी चेपून बसली होती आणि एका शेंडीवाल्याला विचारत होती, “तू कुणाचा रे बाळा? आमच्या मिलुतिनचा का?”

स्तोयांकानं नवऱ्याला दाराआड ओढलं. “हे कोण आहेत?”

“मंडळाचे.”

“किती आहेत?”

“अजून गाड्या लावतायत.”

“तू यांना बोलावलंस?”

“मी यांना धमकावलं!”

स्तोयांकानं त्याच्याकडं ज्या नजरेनं बघितलं, तशी नवीन नजर लग्नाच्या इतक्या वर्षांनंतर तिच्याकडं उरली असेल असं त्याला वाटलं नव्हतं. “मासे आपल्या माणसांपुरते आहेत,” ती म्हणाली. मग थोडा विचार केला, आणि म्हणाली, “जा. तू प्याले भर. मी बघते.”

ग्वोज्देन प्याले भरत राहिला. ज्यांना लोळवायचं होतं त्यांच्याच ताटात लिंबू पिळत राहिला. आणि ते त्याच्याच घरात, त्याच्याच पाकोळीबद्दल, त्याच्यासमोर बोलत होते. “चित्रकाराला पगारच मिळत नसेल, म्हणून लक्ष नसेल.” “दोन चित्रकार असतील, एक डावखुरा.” ग्वोज्देन दात-ओठ खाऊन हसत होता. “अजून एक तुकडा घ्या ना. घ्या घ्या. काटे बघून खा.” मनात म्हणत होता, बघू नका.

तुकड्यावर तुकडा वाढताना त्याच्या डोक्यात हळूहळू काहीतरी खटकायला लागलं. तो उगाच पाकोळीचा अभ्यासक नव्हता. कशात काय जुळत नाही हे त्याला बसल्या जागी कळायचं, आणि आज तर तो उभा होता.

मासे संपत नव्हते.

घरातले मासे दुपार व्हायच्या आत संपायला हवे होते. पण ताटांमागून ताटं येत होती, कढईतून नुकतीच काढलेली, तेल अजून चुरचुरतंय. तो प्याल्यांच्या निमित्तानं स्वयंपाकघरात डोकावला. चूल गार. चुलीवर केक ठेवलेले. स्तोयांकाची बहीण तिथं निवांत कांदा चिरतेय. मग हे तळतंय कोण? शिवाय ताट घेऊन स्मिल्का येते ती स्वयंपाकघराच्या दारातून येतच नाही. स्वयंपाकघर डावीकडं. ती येते उजवीकडून, ओसरीतून, आणि केसांवर बर्फाचे कण.

“बाबा, बाजूला व्हा, तेल आहे.”

“तू कुठून आलीस?”

“मागून,” ती म्हणाली आणि गेली. बघितलंसुद्धा नाही.

ग्वोज्देननं हातातली बाटली आत्याच्या मांडीवर ठेवली आणि ओसरीतून मागच्या अंगणात उतरला. अंगणाच्या टोकाला उन्हाळी स्वयंपाकघर. आमच्याकडं प्रत्येक घराला असतंच. उन्हाळाभर रांधायचं तिथं, थंडी पडली की कुलूप घालायचं आणि आत कोबीची पिंपं ठेवून द्यायची. कुलूप निघालेलं होतं. धुराड्यातून धूर. त्यानं दार ढकललं.

आत हिरव्या चुलीपुढं, स्तोयांकाचा फुलाफुलांचा एप्रन पोटावर कसाबसा आवळून, रादिसाव उभा होता. एका हातात झारा, बाजूला माशांची अख्खी पेटी, नाकाला पीठ. स्तोयांका पिंपावर बसून मासे पिठात घोळवत होती.

कढई तेवढी बोलत होती.

“मी तुझ्याकडं आलो नाहीये,” शेवटी रादिसाव कढईलाच म्हणाला. “मी संत निकोलाकडं आलोय. मागच्या फाटकानं. स्लावाला मला कुणी अडवू शकत नाही.”

“सकाळपासून इथं आहेस?”

“सकाळपासून.”

“मग टेबलापाशी का नाही आलास? पाव थांबलाय तुझ्यासाठी!”

“टेबलापाशी तू उभा होतास.”

ग्वोज्देनही सरळ माणूस नव्हे, म्हणून तो बायकोवर घसरला. “आणि तू! घरात चांगली चूल असताना या गारठ्यात इथं काय मांडलंयस?”

“मग मासे कुठं तळू? घरात?” स्तोयांका उसळली. “पडद्यांना लागलेला वास नाताळपर्यंत जात नाही. तळायचं असलं, मिरच्या भाजायच्या असल्या की बाई बाहेरच्या चुलीवर जाते. कुठल्या घरात बाई पडद्यांशेजारी मासे तळते? मला दाखव.”

ग्वोज्देन तोंड उघडून उत्तर द्यायला गेला आणि तसाच राहिला. तो उभा होता त्या दाराकडं त्यानं बघितलं. मग चुलीकडं. हिरवी चूल. दार चुलीच्या उजवीकडं. घरात चूल पांढरी, आणि दार डावीकडं.

त्यानं रादिसावकडं बघितलं. रादिसावचा झारा हवेत थांबला होता, आणि त्याचे डोळे दारावरून चुलीवर, चुलीवरून दारावर जात होते. माशाचे डोळे नव्हते ते. अजिबात नव्हते.

“कुमा,” रादिसाव हळूच म्हणाला. “लेपाकाकू...”

“तळते,” ग्वोज्देन म्हणाला.

“उजवं दार असतं तेव्हा...”

“तळते! नाहीतर मिरच्या भाजते! कुमा, पाकोळीला उन्हाळी स्वयंपाकघर आहे!”

स्तोयांकानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. “करपतंय,” ती म्हणाली.

दोघं घरात घुसले ते दार आपटूनच. एप्रन तसाच, झारा तसाच. ग्वोज्देन खुर्चीवर चढला, आणि स्लावाच्या दिवशी चढवू नये तेवढा आवाज चढवून त्यानं सांगितलं. आणि मग खोली जी काही उसळली!

“धूमकेतूचा भाग!” कुणीतरी ओरडलं. “काय करते त्यात?”

“मिरच्या भाजते!”

“दार?”

“उजवं!”

“चंद्रावरचा संप?”

“पाव भाजते, भट्टीत! डावं दार! पांढरी चूल!”

“दोन सूर्यांचा?”

“वांगी! उजवं!”

उझित्सेवाल्यांनी फोनवर भाग लावून पडताळायला सुरुवात केली. एकेक जुळत गेला. निशचा एक जाडा माणूस भिंतीला टेकून नुसता “आईशप्पथ, आईशप्पथ” म्हणत होता. मिलुतिनचा नसलेल्या त्या शेंडीवाल्याच्या गळ्यात आत्या पडली होती, का ते तिला माहीत नव्हतं.

तेवढ्यात व्हेलिबोर उठला. “एक मिनिट,” तो म्हणाला. “गुरूवरचं लग्न. त्यात लेपाकाकू वडे तळते. ढीगभर. आणि दार डावीकडं आहे. मला पक्कं आठवतं.”

फोनवर भाग लागला. वडे. कढई. पांढरी चूल, डावं दार.

सगळ्यांचे चेहरे पडले. रादिसावनं झारा खाली केला. ग्वोज्देन खुर्चीवरच होता, उतरावं की नाही ते त्याला कळेना. इतकं सुंदर उभं राहिलेलं सगळं एका वड्यावर कोसळणार होतं.

ओसरीतून स्तोयांका माशांचं ताट घेऊन आली. “काय झालं? मेलं का कुणी?”

“लेपाकाकू घरात तळतेय,” रादिसाव दुःखानं म्हणाला.

“पाऊस पडत असेल,” स्तोयांका म्हणाली आणि ताट ठेवलं.

“बाई, अंतराळात पाऊस कुठला?” व्हेलिबोरनं समजावलं. मग तो थांबला. फोनकडं बघितलं. “त्या भागात... उल्का पडत होत्या. अख्खा भागभर.”

“मग? तशात अंगण ओलांडून कढई घेऊन जाईल का ती?” स्तोयांका म्हणाली. “पडदे खराब होतात तर होऊ देत, अशा वेळी घरातच तळतात. लिंबू कुणाला हवंय?”

त्यानंतर त्या खोलीत जो ओरडा झाला तो समोरच्या स्लावात ऐकू गेला, आणि तिथले चार पाहुणे काय झालंय ते बघायला इकडं आले. त्यांनाही मासे वाढले.

गलका निवळल्यावर रादिसावनं एप्रनला हात पुसले आणि टेबलापाशी आला. पावाच्या पलीकडं उभा राहिला.

“चित्रकाराची चूक नव्हती,” तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

आता ग्वोज्देनची पाळी होती. दोन यानं, कृष्णविवर, जुळी पाकोळी, संडासात बसलेला कप्तान, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. निम्मं आयुष्य घातलं होतं त्यात.

“यान...” तो म्हणाला आणि थांबला. स्मिल्का त्याच्याकडं बघत होती. “यान एकच आहे.”

“आणि डोळे?” रादिसावनं विचारलं.

“डोळे तुझे चांगले आहेत. बस कर आता, धर.”

दोघांनी पाव धरला, फिरवला आणि मोडला. रादिसावच्या नाकावर पीठ होतं, म्हणून मुके घेताना ते ग्वोज्देनच्या गालाला लागलं. स्मिल्का रडत होती. व्हेलिबोर तिच्याहून जास्त रडत होता.

पाहुणे हलायला लागले तेव्हा कोटांच्या डोंगरात ज्याला जो हाताला लागला तो त्यानं घातला. प्रत्येक जण दारात यजमानाचा हात हातात घेऊन म्हणत होता, “देवानं सुखी ठेवावं, ग्वोज्देनदादा. पुढच्या वर्षी येतोच.” उझित्सेवाले म्हणाले, पुढच्या वर्षी बायकापोरांसकट, मोठी बस करू. मोटारसायकलवाले म्हणाले, येतोच. समोरच्या स्लावातले चारही म्हणाले, येतोच. आणि ती नुसती बोलायची पद्धत नव्हती. एकदा ज्या घरी स्लावाला गेला त्या घरी माणूस मरेपर्यंत जातो. ग्वोज्देन हसतमुखानं हात हलवत होता, आणि शेवटची गाडी वळणाआड गेल्यावर त्याचं हसू हळूहळू उतरलं.

“सगळे?” तो म्हणाला. “दर वर्षी?”

स्तोयांका पायरीवर बसली होती, पाय लांब करून. तिच्या शेजारी कूम.

“मला या दोन चुलींवर नाही झेपायचं,” ती शांतपणे म्हणाली. “पुढच्या स्लावाच्या आत अंगणात तिसरं स्वयंपाकघर बांधून पाहिजे. मोठं.”

“बांधू,” ग्वोज्देन छाती काढून म्हणाला. “त्यात काय! मी आणि कूम दोघं मिळून बांधू. काय कुमा?”

“बांधू की,” रादिसाव म्हणाला. त्यानं अंगणाकडं डोळे बारीक करून बघितलं, हनुवटी खाजवली. “दार कुठल्या बाजूला ठेवायचं?”

स्तोयांका उठली, दोघांच्याही हातातले प्याले काढून घेतले, आणि आत गेली.